चित्रकथेत मशीनचं बोलणं वेगळं कसं दाखवायचं? (फुगे, चौकटी, अक्षरं)

कृष्णाकाठी
नमस्कार मंडळी. पूर आल्यावर काय करायचं, यावर वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांसाठी एक चित्रकथा करतो आहे. ए-फाइव्ह आकार, १६ पानं, फक्त काळी शाई. छापील प्रती संपल्या की गावोगावी झेरॉक्स निघणार, हे धरूनच चालायचं आहे. कच्ची चित्रं तयार आहेत, घोडं अडलंय ते संवादांवर.

एकाच पानावर पाच जण बोलतात. घरात आजी. फोनवर तलाठी. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर आधी रेकॉर्ड केलेली सूचना. मोबाइलवर आपोआप येणारा इशारा. आणि पाणीपातळी विचारली की उत्तर देणारा चॅटबॉट.

सगळ्यांना एकच गोल फुगा दिला तर माणूस कोण नि मशीन कोण, कळत नाही. इथे ते कळायलाच हवं. तलाठ्याला उलट प्रश्न विचारता येतो, भोंग्याला नाही. इंग्रजी कॉमिकवाले मशीनला सगळी कॅपिटल अक्षरं किंवा टाइपरायटरचा फॉन्ट देऊन मोकळे होतात. आपल्याकडे कॅपिटलच नाहीत. तुम्ही काय वापरता?

भडंग
तलाठी नाही ओ, आता ग्राम महसूल अधिकारी. फुगा मोठा काढा.

बोरू
फॉन्टकडे नंतर वळू. आधी दोन गोष्टी सुट्या करा: यंत्रातून येणारा माणसाचा आवाज, आणि यंत्राचा स्वतःचा संदेश. निम्म्या चित्रकथांमध्ये गोंधळ इथेच होतो.

विजेसारखी वाकडीतिकडी कड रेडिओ, टेलिफोन, टीव्हीसाठी रुळलेली आहे. तिचा अर्थ एवढाच, की आवाज उपकरणातून येतोय. बोलणारा माणूस नाही, असं ती सांगत नाही. ती तुमच्या तलाठ्याला द्या. मशीनला सरळ रेषांची चौकट.

फुग्याच्या शेपटाचं काम तिसरं. आवाज कुठून येतो ते शेपूट सांगतं. भोंग्याचा संदेश रेकॉर्ड केलेला असला तरी कानावर पडतो, म्हणून चौकट सरळ पण शेपूट नागमोडी, आणि टोक भोंग्याच्या तोंडाकडे. खांबाकडे नाही. मोबाइलवरचा इशारा वाचायचा असतो, त्याला शेपूटच नको. फोनचा पडदा मोठा करून चौकटीत दाखवा, किंवा पडद्याच्या दोन कोपऱ्यांपासून चौकटीपर्यंत दोन बारीक रेषा ओढा.

कडेचे दात काढताना: ६ सेंटिमीटर रुंद फुग्याला १४ ते १८ दात, खोली दीड ते दोन मिलिमीटर. खोली चार-पाच मिलिमीटरवर गेली की तो ओरडण्याचा फुगा होतो आणि तलाठी आजीवर खेकसतोय असं दिसतं. सगळे दात सारखे आले तर सोडाबाटलीचं बूच. चार-पाच दात हाताने पुढेमागे सरकवा.

डीटीपी_मिरज
बोरूंच्या कडेसाठी दोन चित्र-सॉफ्टवेअरमधल्या पायऱ्या देतो.

इलस्ट्रेटर: लंबगोल काढा, इफेक्ट मेनूत डिस्टॉर्ट अँड ट्रान्सफॉर्ममध्ये झिगझॅग. साइज ॲब्सोल्यूट ठेवून १.५ मिमी, रिजेस पर सेगमेंट दात १४ ते १८ येईपर्यंत वाढवा, पॉइंट्स कॉर्नर. स्मूथ ठेवलंत तर ढग होईल, म्हणजे 'मनात विचार'. मग एक्स्पांड अपिअरन्स करून टोकं हाताने हलवा.

इंकस्केप: स्टार टूल, कॉर्नर्स १६, स्पोक रेशो ०.८५ ते ०.९, रँडमाइज्ड ०.०३. इथे एक खोच आहे. स्टार तसाच आडवा ताणला तर बॉर्डरही ताणली जाते, आणि बाजूला जाड, वर-खाली बारीक अशी येते. आधी ऑब्जेक्ट टू पाथ, मग ताणा.

बॉर्डर १ पॉइंटच्या खाली नको. पाव पॉइंटची रेघ पहिल्या प्रतीत दिसते, झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये तुटते.

अजिंक्यतारा
मशीनला चौकट हे मान्य. पण देवनागरीत चौकटीला एक दुखणं आहे, ते रोमन लिपीवाल्यांना कधी भेटत नाही. चौकटीची वरची रेघ आणि पहिल्या ओळीची शिरोरेषा एकमेकींना समांतर. जवळ आल्या की डोळ्याला दोन शिरोरेषा दिसतात, आणि वेलांटी-मात्रा मधल्या फटीत चिरडतात. गोल फुग्यात हे होत नाही, कारण वरची कड वाकलेली असते.

उपाय: वरची मोकळी जागा बाजूंच्या दीडपट. मजकूर ११ पॉइंट असेल तर बाजूंना ३ मिमी, वर साडेचार. ओळींमधलं अंतर १६ पॉइंट तरी हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. आणि बॉर्डरची जाडी शिरोरेषेएवढी ठेवू नका. एक तर ठळक दुप्पट, नाहीतर स्पष्ट बारीक. तुमचं झेरॉक्सचं काम, म्हणजे दुप्पटच.

चौकटीचे चारही कोपरे २ मिमी तिरके कापले तर आणखी बरं. कोपरा कापलेला दिसला की ती निवेदनाची चौकट नाही, हे कळतं. 'दुसऱ्या दिवशी सकाळी...' हेही आपण चौकटीतच लिहितो ना?

बोरू
@अजिंक्यतारा, कापलेल्या कोपऱ्यांना अनुमोदन. निवेदनाला बॉर्डर न देता नुसता मजकूर सोडला तरी भागतं.

हळदीचं_पेव
एवढा खटाटोप कशाला? मशीनला काळी चौकट, त्यात पांढरी अक्षरं. लांबूनही कळतं.

डीटीपी_मिरज
ऑफसेटवर चालेल, झेरॉक्सवर नाही. मोठा काळा ठोकळा टोनरमध्ये सारखा येत नाही, मध्ये पांढुरका पडतो. आणि पांढऱ्या अक्षरांत शाई आत सरकते: आधी अनुस्वार बुजतो, मग 'ध' आणि 'घ' सारखे दिसू लागतात. उलटं छापायचंच असेल तर बोल्ड वजन, १४ पॉइंटच्या वर, आणि दोन-तीन शब्दच. वर काळी पट्टी 'इशारा', खाली पांढऱ्यावर काळा मजकूर. तेवढं पुरतं.

राखाडी टिंट तर विसराच. १५ टक्के राखाडी म्हणजे झेरॉक्सवर एक तर कोरा कागद, नाहीतर चिखल. पूरकथेला शोभेल म्हणा.

आणि टीव्हीच्या पडद्यासारख्या आडव्या रेघा मजकुरामागे टाकण्याची हौस असते, तीही नको. शिरोरेषा त्यात हरवते. रेघा पाहिजेतच तर उभ्या, त्याही चौकटीच्या बाहेरच्या कडेला.

खडूफळा
आता फॉन्ट. आजीला हस्ताक्षरी वळणाचा 'कलम', मशीनला 'राजधानी' किंवा 'टेको'. दोन्ही चौकोनी अंगाचे, म्हणून यांत्रिक वाटतात. टेको फार चिंचोळा आहे, लांब मजकुराला दमवतो, तो मथळ्याच्या पट्टीपुरता. 'पॉपिन्स'ही चालतो. त्याच्या रेषेची जाडी सगळीकडे जवळपास एकसारखी, त्यामुळे लेखणीचं वळण अंगावर राहत नाही. हे सगळे खुल्या परवान्यातले फॉन्ट, छपाईला अडचण नाही.

भडंग
मंगल द्या मंगल. मंगल दिसला की लोक आपोआप सावध बसतात, परिपत्रक आलं म्हणून.

खडूफळा
विनोद सोडला तर मुद्दा खोटा नाही. विंडोज २००० पासून मंगल संगणकाबरोबरच येत राहिला, त्यामुळे 'हे कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलंय' हा भाव त्याला चिकटला आहे. पण तो र. कृ. जोशींनी पडद्यावर नीट वाचता यावा म्हणून घडवलेला फॉन्ट. त्याला मशीनचं सोंग द्यायचं पटत नाही. शिवाय कलम आणि मंगल यांतला फरक गावात किती जणांना जाणवेल? फॉन्टच्या फरकावर एकट्यावर विसंबू नका. चौकट मुख्य, फॉन्ट जोडीला.

पेव्हर_ब्लॉक
मी तर अक्षरांमधलं अंतर वाढवतो. ट्रॅकिंग १०० केलं की शिरोरेषा तुटते आणि एकदम रोबो बोलल्यासारखं वाटतं. फुकटात काम.

अजिंक्यतारा
तुटलेली शिरोरेषा बघून छापखानेवाला फोन करेल, 'फॉन्ट बिघडलाय का?' म्हणून. आणि तुटते तीही धड नाही. कान्याआधी फट पडते, जोडाक्षर मात्र एकसंध राहतं, त्यामुळे 'पातळी' विरते आणि 'धोक्याची'तला 'क्य' गच्च. वाचणारा शब्द कुठे संपला ते शोधत बसतो. देवनागरीत शब्द कळतो तोच शिरोरेषेच्या अखंडपणामुळे. एखाद्या शब्दापुरती गंमत म्हणून ठीक. इशाऱ्याच्या मजकुरात अजिबात नको.

पेव्हर_ब्लॉक
बरं, मग ठिपक्यांची अक्षरं? एसटी स्टँडवरच्या पळत्या पाटीसारखी?

बोरू
ती ओळखायला सगळ्यांत सोपी. पण जागा खाते. रोमन अक्षर ५ गुणिले ७ ठिपक्यांत बसतं, देवनागरीला उंचीत १६ लागतात. वाटणी अशी करा: वरच्या ३ ओळी वेलांटी, मात्रा, अनुस्वाराला, १ शिरोरेषेला, ९ अक्षराच्या अंगाला, खालच्या ३ उकाराला नि जोडाक्षराच्या शेपटाला. अर्धा मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके झेरॉक्सवर एकमेकांना चिकटतात, म्हणून ठिपका ०.७ मिमी धरा. म्हणजे एक ओळ ११ मिमी उंच. ए-फाइव्ह पानावर असे तीन शब्द बसले तरी खूप. पुलाजवळच्या पाटीवर 'पाणी वाढत आहे' एवढंच लिहायचं असेल तर ठिपके वापरा, बाकी नको.

सात दांड्यांचा आकडा (घड्याळासारखा) काढायचा असेल तर तो इंग्रजी अंकांचाच काढावा लागतो. देवनागरी आकडे त्या दांड्यांत बसत नाहीत. ५ काढून बघा, कळेल.

हळदीचं_पेव
मग तीच खूण का नाही वापरत? मशीनला इंग्रजी अंक, माणसांना देवनागरी.

खडूफळा
कारण हा पूर आहे, मासिकाचं मुखपृष्ठ नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. हे दोन आकडे पुस्तिकेत जिथे जिथे येतील तिथे एकाच रूपात आले पाहिजेत, नाहीतर जुन्या माणसाला दोन वेगळी मापं वाटतील. खुणा बाकी कशातही घाला, आकड्यात नको.

चावडी
आणखी एक खूण कागदावर न दिसताही काम करते: भाषा. मशीनला छापील प्रमाण मराठी द्या, कर्मणी प्रयोगासकट. 'कोयना धरणातून विसर्ग वाढविण्यात आला आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' तलाठी म्हणेल, 'कोयनेचं पाणी सोडलंय, संध्याकाळच्या आत वर या.' आणि आजी, 'आरं म्हसरं सोड आधी!'

याचा मोठा फायदा म्हणजे पुस्तिका ग्रामसभेत मोठ्याने वाचली तरी फरक ऐकू येतो. चौकट ऐकू येत नाही. मशीनच्या मजकुरात उद्गारचिन्ह नको, 'मी' नको, 'हं', 'बरं का' तर नकोच. चॅटबॉट 'मी बघून सांगते' म्हणाला की तो माणूस झाला.

कृष्णाकाठी
@चावडी, हे आवडलं. पण 'विसर्ग' गावात कळेल?

चावडी
पूरपट्ट्यात कळतो, पावसाळाभर तोच शब्द बातम्यांत असतो. 'क्युसेक' (सेकंदाला किती घनफूट पाणी) मात्र सुटा टाकू नका. नुसत्या आकड्याने काय करायचं ते उमगत नाही. फुटातली पातळी आणि 'कुठे जायचं' हे दोन पुरेत.

लोखंडी_पूल
मोबाइलच्या इशाऱ्याबद्दल तांत्रिक दुरुस्ती. तो एसएमएससारखा काढू नका. २०२३ मध्ये चाचण्या झाल्या तो सेल ब्रॉडकास्टचा इशारा टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनवर एकदम येतो, नंबर लागत नाही. वेगळ्या आवाजासह आणि थरथरीसह पडद्यावर मधोमध चौकट उघडते, वर शीर्षक, खाली 'ओके'चं बटण. चित्रात फोनच्या दोन्ही बाजूंना थरथरीच्या दोन-दोन कमानी, पडद्याच्या मध्यभागी चौकट, तळाशी बटण. मेसेजच्या यादीतली ओळ काढलीत तर लोक खरा इशारा तिथे शोधतील.

साधा सरकारी एसएमएस दाखवायचा असेल तर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि इंग्रजी 'जी' येतं. २०२५ पासून जाहिरातीला 'पी', सेवेला 'एस', व्यवहाराला 'टी' आणि सरकारीला 'जी' अशी शेपटं आहेत. चित्रात ते शेपूट नीट वाचता येईल एवढं मोठं काढा. खऱ्याखोट्याची खूण तेवढ्याने पक्की होत नाही, पण दहा आकडी खासगी नंबरावरून आलेला 'शासनाचा' मेसेज संशयास्पद, हे शिकवता येतं.

पेव्हर_ब्लॉक
बिघडलेलं मशीन दाखवायला तुटकी अक्षरं कशी वाटतात? सुटी वेलांटी, ठिपक्यांचं वर्तुळ, रिकामे चौकोन?

डीटीपी_मिरज
मोठ्यांच्या व्यंगचित्रात झकास. अक्षराविना मात्रा टाइप केली की ठिपक्यांचं वर्तुळ आपोआप येतं. फॉन्टमध्ये अक्षर नसलं की रिकामा चौकोन. पण ही पुस्तिका शाळेत जाणार. पोरं तेच शुद्धलेखन उचलतात.

उलट हे नकळत होऊ नये याचीच काळजी घ्या. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा. मग पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर निवडा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि आजीसुद्धा बिघडलेल्या मशीनसारखी बोलते. छापखान्याला फाइल देताना मजकूर क्रिएट आउटलाइन्स करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून) द्या, पण मूळ फाइल वेगळ्या नावाने जपा. एकदा आउटलाइन झाली की 'सतर्क'मधला रफारही दुरुस्त करता येत नाही.

गंधर्वपेठ
अहो, आता कायद्यानेच एआयने बनवलेल्या चित्रांवर लेबल लावायचं आलंय ना? मग हा धागा कशाला?

बोरू
गल्ली चुकली. ते लेबल चित्र मशीनने काढलंय का, हे सांगतं. इथे चित्र माणूसच काढतोय, चित्रातलं पात्र मशीन आहे. रोबोचं चित्र काढलं म्हणून चित्रकार रोबो होत नाही.

गंधर्वपेठ
बरं बरं. पण चॅटबॉटच्या चौकटीत यंत्रमानवाचा चेहरा तरी टाका की. पोरांना आवडतो.

चावडी
आवडतो, तीच तर अडचण. हसरा चेहरा टाकला की त्याच्यावर माणसासारखा भरवसा बसतो. गोल कडेचा चॅटचा फुगाही टाळा, कारण मावसभावाचा व्हॉट्सॲप मेसेज अगदी तसाच दिसतो. सरळ चौकट, डाव्या कोपऱ्यात ५ मिमीचं साधं चिन्ह (चौकोन आणि त्यावर अँटेना), शेजारी 'आपोआप आलेलं उत्तर' अशी पट्टी ९ पॉइंटमध्ये. शब्दाने लिहिण्यात कमीपणा कसला?

अजिंक्यतारा
शब्द लिहावा लागला तर खूण फसली, असं माझं मत.

चावडी
खूण वाचता येते ती कॉमिक वाचलेल्याला. ज्यांनी आयुष्यात एकही कॉमिक उघडलं नाही, त्यांना विजेची कड म्हणजे नुसती फाटकी कड.

खडूफळा
वाद मिटवायचा सोपा मार्ग आहे, करून बघा. पानाची प्रत घ्या, सगळ्या फुग्यांतला मजकूर कागदाच्या पट्ट्यांनी झाका, आणि चित्रकला किंवा छपाईशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना विचारा: यात माणसं किती बोलतायत? कोणाला उलट विचारता येईल? 'ही खूण कळली का?' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. उत्तरं चुकली तर आधी शेपटं तपासा, मग आकार, फॉन्ट सगळ्यांत शेवटी. आणि हे झेरॉक्सच्या झेरॉक्सवर करा, पडद्यावर नाही.

कृष्णाकाठी
सगळ्यांचं एकत्र करून असं ठरवतोय. आजी: गोल फुगा, कलम. तलाठी: तेच अक्षर, फक्त कड विजेची, शेपूट फोनच्या कानाच्या टोकाकडे. भोंगा: कापलेल्या कोपऱ्यांची चौकट, २ पॉइंट बॉर्डर, नागमोडी शेपूट, राजधानी. मोबाइल इशारा: पडद्यातच, काळी पट्टी, बटण, शेपूट नाही. चॅटबॉट: कापलेली चौकट, 'आपोआप आलेलं उत्तर'. आकडे सगळीकडे देवनागरी.

एक अडचण राहिली. पान ९ वर तलाठी स्वतः भोंग्याचा माइक हातात घेऊन थेट बोलतात. आता?

बोरू
माणूसच आहे ना? गोल फुगा, विजेची कड, नागमोडी शेपूट भोंग्याकडे, अक्षर कलमच. पान ८ वर तोच भोंगा चौकटीत बोलतो आणि ९ वर फुग्यात, हे समोरासमोरच्या पानांवर येतंय. मग सारखाच भोंगा सारख्याच जागी काढा. बदललेली गोष्ट एकच राहिली की डोळा तिच्यावरच जातो.

लोखंडी_पूल
माइक असेल तर भाषाही बदला. 'नागरिकांनी सतर्क राहावे' खोडून 'खालच्या आळीतल्यांनी शाळेत या.'

भडंग
आणि मध्ये एक 'हॅलो, हॅलो, चेक' पाहिजेच. त्याशिवाय माणूस आहे हे कुणी मानणार नाही.

कृष्णाकाठी
'हॅलो चेक' घेतलं! छापण्याआधी व्हॉट्सॲपवरही पाठवायची आहे, काही पथ्य?

डीटीपी_मिरज
फोटो म्हणून पाठवू नका. आकार दाबला जातो, दीड मिलिमीटरचे दात गुळगुळीत होतात आणि अनुस्वार उडतात. पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ए-फाइव्हची पानं सुटी आणि क्रमाने ठेवा. छापखान्यासाठी लावलेली जोडपानं पाठवलीत तर पान १ शेजारी १६ येईल, आणि पूर यायच्या आत ओसरेल.